माघारी पाठवणारा

मे महिना सरत आला, चाकणच्या कंपन्यांच्या शटडाउनच्या तारखा लागल्या, की मला घराच्या गॅलरीत जायला नको वाटतं. समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये एरवी गोधड्या, शाळेचे गणवेश, कंपनीचे निळे शर्ट वाळत असतात. या दिवसांत त्यांच्या मधोमध स्लीपिंग बॅगा लटकायला लागतात. लाल, पोपटी, नारिंगी. कठड्यावर जाड तळाचे बूट ऊन खात बसलेले असतात. रहाटणीतल्या आमच्या गल्लीतून आता दरवर्षी कुणी ना कुणी हिमालयात निघालेलं असतंच. शटडाउनमध्ये मशीनची दुरुस्ती होते आणि माणसांना सगळ्यांना एकदम सुट्टी मिळते. मग शिमल्याला जाणारे शिमल्याला जातात आणि ज्यांच्या पायांना भिंगरी आहे ते डोंगरात जातात. लोकांना ते रंग बघून हुरूप येतो. मला माझा धाकटा भाऊ आठवतो.

मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे, म्हणजे माल बाहेर पडतो त्या दारावर. शटडाउनच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला की सगळा परिसर एकाएकी मुका होतो. प्रेसचे ठोके थांबतात, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास विरत जातो आणि इतके दिवस कुठं दडून बसले होते देव जाणे, असे बुलबुल ऐकू यायला लागतात. नवीन पोरी म्हणतात, काय शांत वाटतं ना मॅडम. मी मान हलवते. मला ती शांतता सोसत नाही. त्या वर्षी अशाच शांततेतून आम्ही निघालो होतो.

आमचं माहेर चाकणजवळच्या एका गावातलं. निम्मं शिवार एमआयडीसीत गेलं आणि नितीन, माझा भाऊ, आपल्याच बांधाच्या पलीकडं उभ्या राहिलेल्या कंपनीत असेंब्ली लाइनवर लागला. रविवार आला की गड. राजगड, तोरणा, कधी भीमाशंकरच्या अंगाची एखादी आडवाट. सगळ्यांच्या पुढं नितीन. वर पोचून तो कड्यावरून ओरडायचा, "ताई, म्हातारी झालीस काय गं?" आणि मी खालून त्याला शिव्या घालायचे. कंपनीत त्यांच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. काही बिघडलं तर कुणीही ती ओढून लाइन थांबवावी, असा नियम. पण ओढणाऱ्याभोवती पाच मिनिटांत पाच साहेब गोळा होतात, म्हणून ओढत कुणी नाही. इतक्या वर्षांत आपण एकदाही दोरी ओढली नाही, हे नितीन कौतुकानं सांगायचा. घरात सगळ्यांना त्याचं भूषण होतं. मलाही होतं.

आमच्याकडं कुठल्याही कामाचा पहिला प्रश्न एकच असतो. ओळखीचा आहे का? बोअर मारायची असो, पोरीला स्थळ बघायचं असो, गुडघ्याचं ऑपरेशन असो, माणूस कसा आहे हे नंतर, आधी आपला आहे का ते बघायचं. हिमालयाचं ठरलं तेव्हा आपला माणूस होता बाळूदादा. आमच्याच भावकीतला, कंपनीत पेंट शॉपला, मावळातली प्रत्येक पायवाट पायाखालची. पावसाळ्यात धुक्यात हरवलेली पोरं पोलिसांच्या आधी त्यानं शोधून आणलेली. तो हिमालयात कधी गेलेला नव्हता. पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी लपवलं नाही. माझे वडील म्हणाले, "बाळू हाय ना संगं? मंग कसली काळजी." हातच्या काकणाला आरसा कशाला, असा सगळा मामला.

बाळूदादा, नितीन, कंपनीतली आणखी चार-पाच पोरं आणि मी, असे आम्ही निघणार होतो. तयारीला काही तोटा नव्हता. पहाटे दुर्गा टेकडीला फेऱ्या, रविवारी पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन घोराडेश्वर. पाय दगडासारखे झाले. मी तर चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, माझेही झाले. तिथं पायांचं काम थोडंच असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिथं हवा विरळ असते. ती अंगवळणी पडायला शरीराला सवड द्यावी लागते आणि ही सवड कुणाला किती लागेल, हे दंडाकडं आणि पोटऱ्यांकडं बघून कळत नाही. उलट जो दणकट तो भराभर वर जातो आणि भराभर वर जाणाऱ्यालाच ती हवा आधी धरते. बाळूदादानं दिवसांची आखणी केली तेव्हा मधे विश्रांतीचा एक दिवस होता. तो त्यानं काढून टाकला. शटडाउन संपायच्या आत परत यायचं होतं. आम्ही सगळे प्रॉडक्शनमधली माणसं. रिकामा दिवस म्हणजे बंद मशीन, हे आमच्या हाडात मुरलेलं. कुणालाच ते खटकलं नाही. पी हळद नि हो गोरी, असा एकूण उत्साह होता.

पायथ्याच्या गावात ठाकूर भेटला. तिथला नियम म्हणून तिथला गाईड घ्यावाच लागला. कुणाला आवडावा असा तो माणूस नव्हता. सारखी बिडी, सारखी कुरकुर, आम्ही केलेले पोहे त्यानं कुत्र्याला घातले. पहिल्याच दिवशी म्हणाला, दुपारनंतर बर्फ पडेल, इथंच थांबू. आम्ही थांबलो आणि आभाळ संध्याकाळपर्यंत धुतलेल्या ताटासारखं राहिलं. बाळूदादा खो खो हसला. "ह्याच्यापरीस आमचा पंचांगवाला बरा," म्हणाला. त्या दिवसापासून ठाकूरच्या शब्दाची किंमत गेली.

एक गोष्ट तो रोज सकाळी करायचा. प्रत्येकाच्या तोंडासमोर उभं राहून विचारायचा, "सिर में दर्द? उल्टी? नींद आयी?" आणि उत्तरापेक्षा ओठांचा रंग बघायचा. पोरं त्याची नक्कल करायची. दुसऱ्या मुक्कामावर त्यानं विचारायची वेळच आली नाही. मी तंबूच्या दारातच ओकले. ठाकूर म्हणाला, ही खाली जाईल, बाकीचे एक दिवस इथंच थांबतील. बाळूदादा म्हणाला, ताईला ने, आम्ही थांबत नाही. दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी ठाकूर म्हणाला, "फिर मैं ऊपर नहीं ले जाऊँगा."

"नगं नेऊ," बाळूदादा म्हणाला. "वाट दिसतीय. आमी हाय ना."

त्याच सकाळी नितीननं माझ्याकडं हळूच डोकेदुखीची गोळी मागितली होती. डोळे तांबारलेले, कपाळाची शीर टरारलेली. "बाळूदादाला बोलू नकोस," म्हणाला. मी सगळ्यांदेखत बोलले. याचं डोकं दुखतंय, रात्रभर झोपला नाही, याला माझ्याबरोबर खाली पाठवा. बाळूदादानं त्याच्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो, काळजीनंच बघितलं. "व्हय रे नित्या?"

"काय नाय दादा. हिचं स्वतःचं दुखतंय म्हणून हिला सगळ्यांचं दिसतंय."

पोरं हसली. कुणी तरी म्हणालं, डोकं काय, माझं पण दुखतंय. आणि ते खरंच असणार. नितीननं बॅग पाठीवर घेतली, माझ्यापाशी येऊन दातओठ खात म्हणाला, "सगळ्यांसमोर लाज काढलीस. तू गप बस." आणि गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पहिल्या चढाला तो सगळ्यांच्या पुढं होता. ती पाठ मला अजून दिसते आणि अजून त्या पाठीवर एक धपाटा घालून त्याला खाली ओढावंसं वाटतं.

खालच्या गावात माझी डोकेदुखी तासाभरात उतरली. नदी खळाळत होती, कुरणात कोवळं गवत, गवतात पिवळी बारीक फुलं. इतकं सुंदर होतं सगळं की मला त्याचा राग येत होता. ठाकूर बटाटे सोलत बसला आणि दर बटाट्यामागं एकदा वरच्या धारेकडं बघायचा. मधेच म्हणाला, "दीदी, आपका भाई तेज़ चलता है."

"सबसे तेज़," मी म्हणाले. सवयीनं अभिमानानंच म्हणाले.

तो थुंकला. "इसीलिए रुकने को बोला था."

पुढचं मला इतरांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, बऱ्याच महिन्यांत. वरच्या मुक्कामाला नितीन सर्वांत शेवटी पोचला. नितीन आणि शेवटी! तिथंच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. बुटाची नाडी त्याला बांधता येईना. चालताना पाय वाकडे पडायला लागले तसे सगळे हसले, त्यांना वाटलं नाटक करतोय. तो अधेमधे सेकंड शिफ्टचं बोलत होता, आपल्या जागी उभा राहणारा रिलीव्हर आला नाही म्हणून चिडत होता. त्याला आलं घातलेला चहा दिला, कापूर हुंगायला दिला. दमलाय, झोपला की बरा होईल, असं सगळ्यांचं मत पडलं. तसाच उचलून खाली आणायला हवा होता. त्यावर खात्रीचं औषध तेवढं एकच आहे आणि ते फुकट आहे. पण हे माहीत असलेला माणूस खाली माझ्याशेजारी बटाटे सोलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धारेवरून माणसं उतरताना दिसली. बाळूदादानं नितीनला पाठीवर घेतलं होतं. एवढा उंच गडी, त्याचे पाय जवळजवळ जमिनीला लागत होते. बाळूदादा त्याच्याशी बोलत बोलत येत होता. आलो बघ नित्या, आलं बघ गाव, ताई उभी आहे बघ. ठाकूर पुढं धावला. त्यानं नितीनची मान हातानं वर केली आणि पुन्हा सावकाश बाळूदादाच्या खांद्यावर ठेवली. नितीन वाटेतच कुठं तरी गेला होता. बाळूदादाला ते कळलंच नव्हतं.

घरी कुणी कुणाला दोष दिला नाही. बाळूदादानं खांदा दिला, दहाव्याला नदीवर तो वडिलांना धरून उभा होता. वडील येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "बाळूनं पाठीवर आनला माझ्या पोराला. दुसऱ्या कुनी न्हाई आनला असता." खरंच होतं ते. दुसऱ्या कुणी आणला नसता, कारण दुसऱ्या कुणी तिथवर नेलाही नसता. हे मी कधी मोठ्यानं बोलले नाही. परक्यावर आपण तुटून पडतो, चार शब्द सुनावतो, मोकळे होतो. आपल्या माणसावरचा राग कुठं काढायचा? बाळूदादानं त्यानंतर गड सोडले, देवळातही जात नाही. माझ्या समोर आला की चप्पल घालायचं निमित्त करून खाली वाकतो. मला त्याची कीव येते आणि त्याच क्षणी संतापही येतो. एवढ्या वर्षांत दोन्हींतलं काहीच कमी झालेलं नाही.

विचार करून करून मी एवढ्याला आले आहे. आपल्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि त्यालाही आपल्याला नाही म्हणता येत नाही. लग्नाकार्यात, अडीनडीला हे छानच आहे. उंच डोंगरात तेच घात करतं. तिथं असा कुणी तरी हवा, ज्याला तुमच्या रागालोभाची पर्वा नाही. तुम्ही रुसलात तर तो जेवायचा थांबत नाही. तुमच्या सुट्टीचं काय होईल, फोटोचं काय होईल, याचा विचार न करता तो तुमची बॅग खालच्या वाटेला लावतो. असा माणूस सहसा गोड बोलणारा नसतो. आणि आपला असण्याखालोखाल गोड बोलणं हीच आमच्याकडं माणूस निवडायची पारख आहे, काय बोलायचं.

हे सगळं यंदा पुन्हा वर आलं ते सानिकामुळं. सानिका नितीनची मुलगी. तो गेला तेव्हा तिसरीत होती, आता भोसरीला एका कंपनीत डिझाइनला आहे. ती आणि तिची आई रेखा, माझी भावजय, दोघी थेरगावला राहतात. एक दिवस सानिकानं जेवता जेवता सांगितलं की शटडाउनमध्ये कंपनीतल्या तीन मुलांबरोबर ती हिमालयात चाललीय. रेखानं हातातली चपाती लाटून पूर्ण केली, तव्यावर टाकली आणि म्हणाली, "आत्याला विचार." पोरीला नाही म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं. माझ्यात तरी कुठं होतं? बापाच्या डोंगराची ओढ तिला होती, त्यात तिचा काय गुन्हा?

मग मी तिच्या आणि त्या मुलांबरोबर डांगे चौकाजवळच्या एका हॉलमध्ये गेले. तिथं एका ग्रुपची माहितीसभा होती. लीडर तरतरीत पोरगा, दाढी कोरलेली, प्रत्येकाला भावा आणि ताई. "आपण टूर कंपनी नाही राव, आपण फॅमिली आहे," तो म्हणाला. पडद्यावर बर्फ, झेंडे, उड्या मारणारी माणसं. शेवटी म्हणाला, काही शंका? मी उठले. विचारलं, वर गेल्यावर थांबायचं की जायचं हे कोण ठरवणार? म्हणाला, सगळे मिळून, काकू. आजारी पडलेल्याला खाली कोण घेऊन येणार? म्हणाला, तशी वेळच येत नाही. मग मी विचारलं, "शेवटचं कुणाला माघारी पाठवलंत तुम्ही?"

तो हसला. छाती फुगवून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकू, आजपर्यंत एकालाही माघारी पाठवलेला नाही!"

हॉलभर टाळ्या पडल्या. सानिकाच्या कंपनीतल्या मुलांनीही वाजवल्या. मी खाली बसले. सानिकानं माझ्याकडं बघितलं, टाळी वाजवली नाही आणि जिना उतरताना हळूच म्हणाली, "आत्या, हा नको."

तिनं मग तिकडचाच एक गाईड शोधला. फोन स्पीकरवर लावून आम्ही पाचजण त्याच्याशी बोललो. तो ठाकूरचाच अवतार निघाला. दोन दिवस जादा थांबावं लागेल, जमत नसेल तर येऊ नका. एकाला त्रास झाला तर सगळे खाली. माझा शब्द शेवटचा. त्या मुलांपैकी आदित्य नावाचा एकजण कुजबुजला, "किती माज आहे राव याला." मला तो माणूस तिथंच आवडला.

तरी जीव थाऱ्यावर येईना. गाईड कितीही खमका असला तरी दुसऱ्याच्या डोक्यात काय ठणकतंय हे त्याला कसं दिसणार? ते ज्याचं त्यानंच सांगावं लागतं. आणि सानिका नितीनची मुलगी. दहावीचा पेपर तिनं अंगात ताप असताना दिला आणि घरी येऊन आडवी झाल्यावर आम्हाला कळलं. घोराडेश्वरला तीच पुढं असते. निघायच्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं, दुखलं तर बोल. "हो गं आत्या," म्हणाली. तिचा बापही सगळ्याला हो गं ताईच म्हणायचा.

शेवटचा मेसेज पायथ्याच्या गावातून आला आणि मग रेंज गेली. रेखा माझ्याकडं राहायला आली. दोन बायका रिकाम्या बसून काय करणार, म्हणून आम्ही कुरडया घालायला काढल्या. गहू भिजवले, वाटले, चीक शिजवला. त्याचा तो आंबट कढत वास घरभर. गच्चीवर पातळ साड्या अंथरून आम्ही कुरडया घालत होतो. उन्हानं सिमेंट भाजत होतं. शेजारच्या इमारतीची कुणी विचारून गेली, सानिका कुठंय, दिसत नाही? रेखा म्हणाली, "डोंगरात गेलीय." तिचा आवाज मला ओळखू आला नाही. रोज आभाळ तिकडं कसं असेल याचा मी अंदाज बांधत होते. रोज वाटायचं, आज ती डोकं धरून बसली असेल आणि हसून म्हणत असेल, काही नाही, झोप झाली नाही.

फोन आला तो दुपारीच. माझे हात चिकानं बरबटलेले, मी कोपरानंच स्पीकर लावला.

"आत्या?" घसा बसलेला, रडवेला.

"कुठं आहेस?"

"खाली. गावात. आम्ही शेवटपर्यंत वर गेलोच नाही. माझं डोकं दुखत होतं. मीच सांगितलं त्यांना."

रेखा मटकन खाली बसली, ओल्या कुरडयांवरच. मी म्हणाले, "शहाणी माझी बाय ती."

"ऐक ना. नुसतं माझं नाही सांगितलं. आदित्य तंबूच्या मागं जाऊन दोनदा ओकला होता. मला शपथ घातली होती त्यानं, बोललीस तर बघ म्हणून. मी तेही सांगितलं. मग गाईडनं सगळ्यांनाच खाली आणलं. आत्या, आता कुणी बोलत नाहीये माझ्याशी. जेवायला पण बोलावलं नाही."

तेवढ्यात तिच्यामागून एक आवाज आला, तरणा, ठणठणीत. "सांग, सांग! घरी पण सांग! चोंबडी कुठली! वर्षभराची सुट्टी मातीत घातली हिनं, आणि म्हणे—" पुढं दोन चांगल्या सणसणीत शिव्या.

"ठेवते मी," सानिका म्हणाली. "हे लोक असेच ओरडतायत सकाळपासून."

"कोण ओरडतंय गं?" रेखानं मला विचारलं.

"आदित्य," मी म्हणाले; आवाज ओळखीचा होता. "जो ओकला होता तो."

रेखानं फोनकडं बघितलं. तिकडून तो मुलगा अजून ओरडतच होता, दम लागेपर्यंत.

"नको ठेवू फोन," ती म्हणाली. "ओरडू दे त्याला. मला ऐकू दे."